चार प्रेशरवाले आणि गद्रेंची गोळी

किस्से मुद्दाम जमवावे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी बीपीच्या चार पेशंटना एका टेबलाशी बसवून बघावं. पाचव्या मिनिटाला पहिला किस्सा पडतो आणि मग कोणी थांबवू म्हटलं तरी थांबत नाही. माणूस स्वतःच्या लग्नाची तारीख विसरतो, पण आपलं प्रेशर पहिल्यांदा कुणी मोजलं, किती आलं आणि ते मशीन कसं बिघडलेलं होतं, हे त्याला वारासकट पाठ असतं!

आमचं टेबल सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमधलं, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईतलं, उसाच्या रसवाल्यासमोरचं. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं कालव्याच्या कडेने तासभर चालायचो आणि मग प्राटा नावाचा तेलकट परोठा आणि कोपी नावाची गोड कॉफी घेत बसून चाललेलं सगळं फुकट घालवायचो. चौघं म्हणजे पहिला मी, पाटणकर, जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये मेंटेनन्स प्लॅनर. दुसरे गद्रे, त्याच प्लांटमधले इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, माझ्याच कंपनीच्या बसने जाणारे. तिसरा तावडे, बोटीवरचा चीफ इंजिनिअर. हा चार महिने समुद्रावर असायचा आणि दोन महिने आमच्या डोक्यावर. आणि चौथा नितीन, चांगी बिझनेस पार्कमध्ये आयटी मॅनेजर. वयाने आमच्यात सगळ्यात लहान, प्रेशरने मात्र तोडीस तोड. आमच्या बायकांनी आमचं नाव ठेवलं होतं, 'कुकर मंडळ'.

चौघांनाही गोळी लिहून दिलेली. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "रोज घेता ना?" आणि आम्ही शाळेतल्यासारखे एका सुरात "घेतो" म्हणायचो. का घेता, हे मात्र कोणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर पंचाईत झाली असती. कारण 'डॉक्टरांनी सांगितलं म्हणून' गोळी घेणारा माणूस मला अजून भेटायचाय!

*

माझ्यापासूनच सुरुवात करतो, म्हणजे बाकीच्यांवर हसायला मी मोकळा.

आमच्या प्लांटमध्ये टाकीच्या आत उतरून काम करायचं असेल, तर दर वर्षी मेडिकल पास व्हावं लागतं. प्रेशर जास्त असेल तर सही मिळत नाही. सही नाही म्हणजे टाकीत उतरणं बंद, आणि टाकीत न उतरणारा मेंटेनन्सवाला नुसता बाहेर उभा राहून सल्ले देतो. लोक त्याला नमस्कार करतात, पण त्याचं ऐकत नाहीत.

पहिल्या वर्षी प्रेशर निघालं, गोळी सुरू झाली. सुरू झाली म्हणजे आठवली की घ्यायची. आठवड्यातून तीनदा आठवायची. मग पुढच्या वर्षीच्या मेडिकलचं पत्र आलं आणि माझ्यातला प्लॅनर जागा झाला. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात राहिलेली सगळी कामं उरकून टाकायची, ही माझी वीस वर्षांची सवय. तेव्हा आठ दिवस न चुकता गोळी घेतली. शेवटच्या दिवशी सकाळी, मागचा बॅकलॉग क्लिअर व्हावा म्हणून, दोन घेतल्या. त्यात रक्ततपासणी होती, म्हणजे पोट रिकामं.

क्लिनिकमध्ये नाव पुकारलं. मी रुबाबात उठलो आणि समोरची भिंत हळूच डावीकडे निघून गेली. सिस्टर टॅन म्हणून एक चिनी बाई तिथे होत्या, साठीच्या, चणीने एवढ्याशा, आणि इंग्रजी इथलं, वाक्याच्या शेवटी 'लाह' लावणारं. त्यांनी एका हाताने मला धरलं आणि दुसऱ्या हाताने खुर्ची ओढली.

"अंकल, टुडे यू टेक हाऊ मेनी?"

"टू," मी म्हणालो. "वन टुडेज. वन पेंडिंग."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की माझं होतं नव्हतं तेवढंही प्रेशर उतरलं.

"मेडिसिन कॅनॉट कॅरी फॉरवर्ड, अंकल! नॉट ॲन्युअल लीव्ह, लाह!"

त्या वर्षी सही एक महिना उशिरा मिळाली. महिनाभर मी टाकीबाहेर उभा राहून सल्ले दिले. लोकांनी नमस्कार केले. तेव्हापासून रोजची गोळी मी स्वयंपाकघरातल्या एका वहीत टिपतो, आणि आजपर्यंत माझी एकही गोळी पेंडिंग नाही.

*

आता गद्रे. गद्रेंची गोष्ट जरा वेगळी होती, कारण आम्ही निदान चुकत-माकत गोळी घ्यायचो. गद्रे घेतच नव्हते! दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी लिहून दिलेली, त्यांच्या बायकोने, शुभदावहिनींनी आणून ठेवलेली गोळ्यांची पट्टी तशीच कोरी.

इन्स्ट्रुमेंटवाल्या माणसाचा कुठल्याही आकड्यावर पहिल्या फटक्यात विश्वास बसत नाही. क्लिनिकमध्ये वरचं प्रेशर एकशे सत्तर आलं तेव्हा गद्रेंनी तिथल्या डॉक्टरांना शांतपणे विचारलं होतं, "मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे का?" मग स्वतःचं मशीन विकत आणलं. ते एकशे अडुसष्ट म्हणालं.

"एका मीटरवर आपण प्लांट बंद करतो का पाटणकर?" गद्रे मला म्हणाले.

नाही करत. धोक्याच्या जागी आमच्याकडे तीन मीटर असतात. तिघांपैकी दोघांनी 'धोका' म्हटलं, तरच प्लांट बंद. तेव्हा गद्रेंनी वेगवेगळ्या कंपन्यांची आणखी दोन मशीनं आणली आणि एका रविवारी आम्हाला घरी बोलावून, जेवणाच्या टेबलावर तिन्ही मांडून, शर्टाची बाही वर केली. पहिलं मशीन म्हणालं एकशे बहात्तर. दुसरं म्हणालं एकशे एकोणसत्तर. तिसरं म्हणालं एकशे अडतीस!

"बघा!" गद्रे म्हणाले.

"बघितलं," तावडे म्हणाला. "दोन विरुद्ध एक. तुमच्याच नियमाने आता गोळी घ्या."

गद्रेंनी तिसऱ्या मशीनचा पट्टा पुन्हा एकदा तपासला. मग म्हणाले, "नियम बरोबर आहे. पण दोन मशीनं एकसारखीच चूक करत असतील, तर त्यांना बिघडवणारी गोष्ट एकच असते. ती आधी शोधायला हवी."

"ती टेबलाशी बसलीय!" शुभदावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

आम्ही सगळे हसलो, गद्रेही हसले. पण मी निघालो तेव्हा वहिनी लिफ्टपर्यंत आल्या. आमच्या बायका एकमेकींच्या मैत्रिणी, त्यामुळे मला त्या भावजी म्हणायच्या.

"भावजी, हसण्यावारी नेऊ नका हं. माझ्या सासऱ्यांना हेच होतं. तेही गोळी घ्यायचे नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी अर्धांग झालं, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली. नंतर नऊ वर्षं होते. नऊ वर्षं मी त्यांना भरवलंय." मग लिफ्टचं बटण दाबून म्हणाल्या, "हे आता पंचावन्नचे आहेत."

मला खरंच भीती वाटली. त्या दिवसापासून आमच्या मंडळाचं एकच काम होतं, गद्रेंना ती पट्टी फोडायला लावायची. आणि त्यांना पटेल असं कारण आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

*

तावडेकडे होतं, असं तावडेला वाटायचं.

तावडेला बोटीवर गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत प्रेशर एकदम नॉर्मल. झालं! जेवणाच्या टेबलावर त्याने सगळ्यांना ऐकवलं, "प्रेशर नॉर्मल, गोळी बंद. उगाच कशाला शरीरात केमिकल टाका?" हे म्हणणारा माणूस कुठल्या बोटीवर होता? केमिकल टँकरवर!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हाताखालचा थर्ड इंजिनिअर, एक फिलिपिनो, कंट्रोल रूममध्ये आला. चेहरा अगदी साधा.

"चीफ, इंजिनचं टेम्परेचर नॉर्मल आहे. कूलिंग वॉटरचा पंप बंद करू?"

तावडेचा आवाज तसाही भारदस्त. त्याने त्या थर्डला असं फैलावर घेतलं की वरच्या डेकपर्यंत ऐकू गेलं. "तुला लायसन्स कुणी दिलं? पंप बंद करतोयस? अरे, तो पंप चालू आहे म्हणूनच तर टेम्परेचर नॉर्म..."

आणि तिथेच थांबला. थर्ड तसाच उभा. "येस चीफ," म्हणाला, आणि निघून गेला.

तावडे तडक केबिनमध्ये गेला आणि गोळी घेतली. ही गोष्ट तो गद्रेंना इतक्या वेळा सांगायचा की शेवटी गद्रे म्हणाले, "तावडे, तुमचा थर्ड हुशार आहे. पण त्याच्या टेम्परेचरच्या मीटरचं कॅलिब्रेशन झालं होतं. माझ्या तीन मशीनचं कुणी केलंय?"

तावडेने कपाळावर हात मारला आणि आणखी एक प्राटा मागवला.

*

त्याच तावडेचा आणखी एक, छोटासा. बोट जपानहून अमेरिकेला निघाली होती. मध्ये एक रेषा ओलांडली की तोच वार पुन्हा येतो. कालही मंगळवार आणि आजही मंगळवार. तावडेच्या पट्टीवर सोमवार, मंगळवार असे वार छापलेले होते. मंगळवारची गोळी काल पोटात गेलेली, तिथली जागा रिकामी. बुधवारची आज घ्यायची, तर उद्या काय?

एवढं मोठं इंजिन चालवणारा माणूस एका पट्टीसमोर दहा मिनिटं उभा राहिला. शेवटी कॅप्टनला विचारलं, "आज दुसरा मंगळवार आहे. गोळी घ्यायची की नाही?"

कॅप्टन म्हणाला, "चीफ, दुसऱ्या मंगळवारी तू जेवणार आहेस ना?"

*

नितीनचं सगळंच डिजिटल. रोज सकाळी आठ वाजता त्याचा फोन वाजायचा, स्क्रीनवर गोळीचं चित्र यायचं, आणि 'घेतली' या बटणावर बोट फिरवलं की हिरवी टिकमार्क. महिन्याचा आलेख निघायचा. रविवारी तो आम्हाला फोन पुढे करून दाखवायचा, "काका, बघा. तीन महिने, शंभर टक्के! तुमच्या त्या वहीपेक्षा हे बरं की नाही?"

मला स्वतःची लाज वाटायची. माझी वही खरंच तेलकट होती.

नितीनची मुलगी इरा तेव्हा आठ वर्षांची. एका रविवारी तीही आमच्याबरोबर आली होती. उसाचा रस पीत पीत तिने तो आलेख नीट पाहिला आणि म्हणाली, "बट पापा, युअर फोन से नाइंटी. इनसाइड द ड्रॉवर ऑल्सो नाइंटी. हाऊ कॅन?"

नितीनने फोन खिशात टाकला. ड्रॉवरमध्ये सगळ्या पट्ट्या भरलेल्या! फोन वाजायचा तेव्हा नितीनची मीटिंग चालू असायची. तो नुसतं बोट फिरवायचा, आणि गोळी संध्याकाळी घेऊ, उद्या घेऊ, करत राहून जायची.

"बेटा, पापा विसरला," नितीन म्हणाला.

"नो," इरा म्हणाली. "फर्गेट मीन्स रेड. यू प्रेस ग्रीन. दिस वन टीचर कॉल चीटिंग, लाह."

दुसऱ्या दिवसापासून कारभार इराच्या हातात गेला. सकाळी शाळेच्या बसला निघायच्या आधी नितीनने तिच्यासमोर गोळी गिळायची आणि जीभ बाहेर काढून दाखवायची. जीभ वर, जीभ खाली. मगच ती बूट घालायची. नितीनची बायको म्हणायची, "माझ्यासमोर यांचं तोंड कधी उघडत नाही, आणि लेकीसमोर बघा!"

पुढे सुट्टीत इरा पुण्याला आजीकडे गेली. नितीनला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला व्हिडिओ कॉल! इथे आठ म्हणजे तिथे साडेपाच. आजी बिचारी खूश. तिने शेजारीपाजारी सांगितलं, सिंगापूरची मुलं किती शिस्तीची, नात पहाटे उठून अभ्यास करते. चौथ्या दिवशी आजी कौतुकाने दूध घेऊन खोलीत गेली, तर नात फोनवर डोळे रोखून बसलेली आणि समोर आपला बेचाळीस वर्षांचा मुलगा जीभ बाहेर काढून!

"काय चाललंय हे?" आजी ओरडली.

"आजी, वेट," इरा म्हणाली. "लेफ्ट साइड नॉट यट."

*

आता बापट सर. बापट सर आमच्या मंडळात नव्हते, आमच्या विरोधात होते. दर शनिवारी आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत ते प्राणायाम शिकवायचे आणि सांगायचे, गोळी ही कुबडी आहे, श्वासावर ताबा मिळवा, प्रेशर आपोआप खाली येईल. गद्रे त्यांचे लाडके विद्यार्थी. आम्ही काही बोललो की गद्रे म्हणायचे, "बापट सर सदुसष्टचे आहेत. एक गोळी नाही. आहे उत्तर?"

बापट सर जिने चढून सातव्या मजल्यावर जायचे. आम्हाला खाली लिफ्टची वाट बघताना ते दिसले की आम्ही भिंतीवरची नोटीस वाचायला लागायचो.

त्या वर्षी गणपती एका ओळखीच्यांच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, खालच्या फंक्शन रूममध्ये होता. आरती संध्याकाळी साडेसातला ठरलेली, सुरू झाली आठला पाच कमी असताना. आपल्याकडे आरतीची वेळ म्हणजे नुसता अंदाज असतो. शेदीडशे माणसं, टाळ, झांजा, सगळे रंगात आलेले. तेवढ्यात पहिला फोन वाजला.

मग दुसरा. मग तिसरा, सनईच्या सुरात. मग एकदम सात-आठ! आठ वाजले होते. अर्ध्या सभागृहाची रात्रीच्या गोळीची वेळ. झब्ब्याच्या खिशांवर हात पडायला लागले, टाळ्यांचा ताल पार बिघडला. आणि जी माणसं वर्षानुवर्षं "मला काही नाही बुवा" म्हणत होती, ती सगळी एकमेकांकडे बघू लागली. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! आपण एकटे नाही, हे माणसाला असं गणपतीसमोर कळावं.

त्यात एक फोन काही केल्या थांबेना. तो होता आरतीचं ताट धरलेल्या माणसाच्या खिशात, आणि ताट धरलं होतं बापट सरांनी. दोन्ही हात अडकलेले. शेवटी त्यांनी शेजारच्या माणसाला खुणेने सांगितलं, खिशातून काढ. शेजारचा माणूस म्हणजे गद्रे! गद्रेंनी फोन काढला, चष्मा वर करून स्क्रीन वाचली आणि ताटाच्या उजेडात बापट सरांकडे बघितलं.

"सर," गद्रे म्हणाले, "यावर 'बीपी गोळी' लिहिलंय."

आरती संपली. प्रसाद घेताना बापट सर आपणहून आमच्याजवळ आले. चेहऱ्यावर ना लाज, ना काही.

"मी प्राणायाम करतोच," ते म्हणाले. "गोळी घेऊन करतो."

आम्हाला वाटलं, आता गद्रेंचा शेवटचा टेकू गेला. घरी जाताना गद्रे मोबाइलवर काहीतरी टिपत होते. मग म्हणाले, "एक बरं झालं. सर गोळी घेतात, म्हणजे नुसत्या प्राणायामाचा डेटा आजवर कोणी घेतलेलाच नाही. मी पहिला!"

शुभदावहिनी माझ्या बायकोशेजारून चालत होत्या. त्या हसल्या नाहीत.

*

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. सकाळची कंपनीची बस. गद्रे खिडकीशी, मी शेजारी. क्लेमेंटीला बसलं की गद्रे झोपायचे आणि जुरोंग आयलंडच्या चेकपॉइंटला उठायचे. तिथे गार्ड बसमध्ये चढून प्रत्येकाचा पास बघतो.

त्या दिवशी चेकपॉइंट आला. गद्रेंनी उजवा हात खिशाकडे नेला, पण हात खिशात जाईना. बोटं नुसतीच पँटवर फिरत होती. "पास..." म्हणाले, तेही अर्धवट झोपेत, जड आवाजात.

वहिनींचं लिफ्टपाशी बोललेलं सगळं एकदम आठवलं. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, अर्धांगाचा झटका वाटला तर काय बघायचं. मी ओरडलोच, "गद्रे, दोन्ही हात वर करा! वर! आता हसा! दात दाखवा, दात!"

गद्रे घाबरले. माझा अवतार बघून कोणीही घाबरलं असतं. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सगळे दात दाखवले. हात सारखे होते. हसूही दोन्ही बाजूंनी सारखं होतं.

"आता एक वाक्य बोला!"

"पाटणकर," गद्रे दात तसेच ठेवून म्हणाले, "हातावर डोकं ठेवून झोपलो होतो. मुंग्या आल्यात."

तोवर गार्ड आमच्या सीटपाशी येऊन उभा होता. त्याने हात वर करून दात दाखवणाऱ्या गद्रेंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अंकल," तो म्हणाला, "नो नीड सरेंडर. शो पास, कॅन आलरेडी."

अख्खी बस हसली. मीही हसलो, पण प्लांटला उतरताना दांडी मलाच धरावी लागली. गद्रेंनी ते बघितलं असावं, कारण गेटपाशी ते थांबले.

"घरी सांगू नका हं," म्हणाले.

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी, सगळं, हात वर केल्यापासून. शुभदावहिनींनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "बरं केलंत, सांगितलंत."

*

पुढच्या रविवारी गद्रे टेबलाशी आले, कोपीच्या आधी पाणी मागितलं आणि आम्हाला म्हणाले, "घेतली मी. सकाळीच."

"काय घेतली?" तावडेला कळेचना.

"गोळी. आज सहावा दिवस." आणि प्राट्याचा तुकडा मोडायला लागले. बास. कारण नाही, कॅलिब्रेशन नाही, काही नाही. आम्ही खोदून खोदून विचारलं. नितीनने तर हात जोडले. गद्रे उसाच्या रसवाल्याकडे बघत बसले.

दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे प्रेशर एकशे अठ्ठावीस आलं. त्या रविवारी आम्ही बायकामुलांसकट सगळे हॉकर सेंटरला जमलो. गद्रे रांगेत प्राटा आणायला गेले होते. माझ्या बायकोने शुभदावहिनींना विचारलं, "आता तरी सांग गं, काय केलंस?"

वहिनींनी रांगेकडे एक नजर टाकली. मग पर्समधून फोन काढला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि एक रेकॉर्डिंग लावलं. आम्ही सगळे वाकलो. नितीनने इराला गप्प राहायची खूण केली.

आधी भांड्याचा आवाज. मग वहिनींचा. "हं, बोला."

"काय बोलू?" हे गद्रे.

"काहीही. रोजचं. चहा दे म्हणा, पेपर कुठाय म्हणा."

"पण कशाला?"

"तुमच्या बाबांची वाचा गेल्यावर सासूबाई शेवटी शेवटी म्हणायच्या, ह्यांचा आवाज कसा होता तेच आठवत नाही गं आता. तेव्हा आपल्याकडे हे असलं काही नव्हतं. आता आहे. माझ्याजवळ असू दे."

मग लांबून एमआरटीची ट्रेन गेल्याचा आवाज तेवढा येतो.

"बोला ना."

खुर्ची सरकल्याचा आवाज. पावलं. नळ सुरू होतो, पेला भरतो, नळ बंद होतो. ड्रॉवर उघडतो. आणि मग लांबून, जरा बसक्या आवाजात गद्रे,

"अगं, हिच्यातली सकाळी एकच घ्यायची ना?"

"हो," वहिनी म्हणतात. "एकच."